पासपोर्टची मुदत शिल्लक असूनही विमानात बसू देत नाहीत, हा घोळ नक्की कुठे होतो आणि वेळेत कसा सोडवायचा

दरवर्षी एप्रिल-मे आला की आणि मग परत दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मला नातेवाइकांचे, सोसायटीतल्या बायकांचे एकाच विषयावर फोन येतात. तिकिटं काढलीत, हॉटेल बुक झालंय, आणि आता कुणीतरी सांगितलं की पासपोर्ट चालणार नाही, पण अगं त्यावर तर अजून चार महिने शिल्लक आहेत, मग का नाही चालणार? बऱ्याच जणांना वाटतं की एजंट उगाच घाबरवतोय. नाही हो, खरंच चालत नाही, कारण बऱ्याच देशांत जायला पासपोर्टवर निदान सहा महिने शिल्लक लागतात. आणि मी हे इतकं पोटतिडकीने सांगते कारण मे २०२३ मध्ये हे आमच्याच घरात झालंय.

सासूबाईंची साठी म्हणून बालीला जायचं ठरलं होतं. आम्ही दोघं, मुलगा, सासू-सासरे असे पाच जण. रात्री पुण्याहून गाडी करून मुंबई एअरपोर्टला पोचलो, सगळे खुशीत, सासऱ्यांनी नवीन बूट घेतलेले. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने पाचही पासपोर्ट घेतले, चार पटापट बाजूला ठेवले आणि आमच्या मुलाचा उघडून थांबली. फोटोच्या पानावर, तारखेच्या बरोब्बर खाली तिने नख टेकवलं आणि ओठांतल्या ओठांत महिने मोजायला लागली, मे, जून, जुलै. मग परत पहिल्यापासून मोजले. माझ्या पोटात तिथेच गोळा आला. पासपोर्ट संपत होता २ नोव्हेंबर २०२३ ला आणि आम्ही बालीत उतरणार होतो ११ मे ला. सहा महिन्यांना नऊ दिवस कमी.

तिने सिनियरला बोलावलं, त्यांनी कॉम्प्युटरवर नियम दाखवला. आम्ही विनवण्या केल्या, लिहून देतो म्हटलं, परतीचं तिकीट दाखवलं, नऊच दिवसांचा प्रश्न आहे म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तिकडच्या इमिग्रेशनने मुलाला परत पाठवलं तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि वर दंडही होऊ शकतो, त्यामुळे लिहून देऊन काही होत नाही. तेव्हा खूप राग आला होता, पण आता कळतं की त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं. सासूबाई म्हणत होत्या मी पण जात नाही, त्यांना कसंबसं समजावलं, नवरा त्या दोघांना घेऊन गेला आणि मी मुलाला घेऊन पहाटे चारला एक्स्प्रेस वेवरून परत. लोणावळा येईपर्यंत तो एकच विचारत होता, आई, माझ्याच पासपोर्टला काय झालं?

तर आता त्याच प्रश्नाचं उत्तर, म्हणजे हे होतं का.

पहिली गोष्ट, मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो आणि १८ च्या आतल्या मुलांचा पाच वर्षांचा, किंवा मूल १८ चं होईपर्यंत, जे आधी येईल ते. १५ ते १८ मधल्यांना दहा वर्षांचा घेता येतो पण लहानांना नाही. आमचे दोघांचे २०२८ पर्यंत होते, सासू-सासऱ्यांचे त्याच्याही पुढे, आणि डोक्यात असंच बसलेलं की आपल्या घरचे पासपोर्ट नवे आहेत. मुलाचा नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेला, तो तीन वर्षांचा असताना, तो आपल्याआधी संपणार हे डोक्यातच आलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या फोनमध्ये अर्ध्याहून जास्त वेळा गोष्ट मुलाच्याच पासपोर्टची असते, म्हणून घरात लहान मूल असेल तर आधी त्याचा पासपोर्ट काढून बघा, तुमचा नंतर.

दुसरी गोष्ट, जिथे आधी व्हिसा काढावा लागतो तिथे हा घोळ बहुतेक वेळा आधीच पकडला जातो, कारण कागद घेतानाच ते तारीख बघतात. पण बालीला म्हणजे इंडोनेशियाला आपल्याला उतरल्यावर व्हिसा मिळतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीयांना बिनव्हिसा यायची सोय सुरू केली. सोय चांगलीच आहे, पण त्यात होतं असं की तुमचा पासपोर्ट कुणीतरी पहिल्यांदा नीट बघणार ते थेट चेक-इन काउंटरवर, रात्री दीड वाजता, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. तिकीट काढताना पासपोर्टची तारीख भरायला लावतात खरी, पण आमच्या वेळी साइटने ती तारीख घेतली, पैसे घेतले, तिकीट दिलं. तिकीट निघालं म्हणजे पासपोर्ट चालतो असं अजिबात धरू नका.

आता नियम. सगळीकडे एकच नियम नाहीये आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. इंडोनेशिया, सिंगापूर, मलेशिया, दुबई-अबूधाबी, श्रीलंका, इथे सहा महिने लागतात. युरोपात शेंगेनसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांच्या गटासाठी, तिथून निघायच्या तारखेपुढे तीन महिने, आणि पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं. अमेरिकेचा सर्वसाधारण नियम सहा महिन्यांचा आहे पण ज्या देशांना त्यातून सूट दिलीय त्यांच्या यादीत भारत आहे, त्यामुळे तिथे मुक्कामापुरता पासपोर्ट व्हॅलिड असला तरी चालतो. इंग्लंडमध्येही मुक्काम संपेपर्यंत असला की झालं. मधे दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर त्या देशाचं पण बघून घ्या, विशेषतः दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि बॅगा बाहेर येऊन परत टाकायच्या असतील तर, कारण मग तुम्ही त्या देशात शिरणार.

पण मी कुणाला देशांची यादी पाठ करायला सांगत नाही. सोपा हिशेब असा: परत यायची तारीख घ्या, त्यात सहा महिने मिळवा, वर पंधरा दिवस टाका. पासपोर्ट त्याच्याही पुढे जात असेल तर निर्धास्त राहा. काही ठिकाणी सहा महिने पोचल्याच्या दिवसापासून मोजतात, काही ठिकाणी निघायच्या दिवसापासून, परतीच्या तारखेवरून मोजलं की दोन्ही त्यात येतात. आणि बोटांवर मोजू नका, कॅलेंडर उघडून तारखेला तारीख लावा, कारण आमचं पण बोटांवर "मे ते नोव्हेंबर, सहा महिने" असंच बरोबर आलं होतं.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हे. पासपोर्टवर जी तारीख छापलीय ती तुमच्या कामाची नाहीच. त्याच्या सहा महिने आधीची तारीख हीच खरी शेवटची समजा. आणि रिन्यूचा अर्ज संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. म्हणजे बारा महिने शिल्लक असल्यापासून सहा महिने शिल्लक राहीपर्यंत, हे मधले सहा महिने तुमचे. त्यात कधीही रिन्यू करून टाका, प्रवास ठरलेला असो वा नसो. लोक म्हणतात अजून दहा महिने आहेत, आत्ताच केला तर तेवढे वाया जातील. वाया जातात हे खरं आहे, उरलेले महिने नव्यात मिळवून देत नाहीत, नवा पासपोर्ट नव्या तारखेपासूनच सुरू होतो. पण दहा वर्षांचे १५०० रुपये, त्यात सहा-आठ महिन्यांचे किती होतात करून बघा, पाऊणशे-शंभर रुपये. आमची दोन तिकिटं गेली त्याचा आकडा मी इथे लिहीत नाही.

बरं, तारीख बघितली आणि कमी भरली, आता काय?

साइट एकच, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन, नाहीतर एमपासपोर्ट सेवा नावाचं सरकारी अ‍ॅप. गुगलवर शोधलं की तसल्याच रंगाच्या, तसल्याच नावाच्या खासगी साइट वर येतात, फॉर्म भरून घेतात आणि जास्तीचे पैसे उकळतात, परराष्ट्र मंत्रालयानेच त्यांच्याबद्दल सावध केलंय. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.

साइटवर रिन्यू असा शब्द शोधत बसू नका, त्याला तिथे री-इश्यू म्हणतात. फ्रेश म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा काढणाऱ्यांसाठी. आधीचा पासपोर्ट असूनही लोक चुकून फ्रेश भरतात आणि मग पासपोर्ट सेवा केंद्रावर जाऊन अडकतात. री-इश्यूमध्ये कारण विचारतात, मुदत संपली किंवा संपत आलीय, पानं संपली, नाव-पत्ता वगैरे बदललं, हरवला, खराब झाला. पत्ता बदललाय आणि मुदतही संपत आलीय असं असेल तर दोन्ही टिक करा, एकाच अर्जात होतं. ३६ पानांचे १५०० आणि ६० पानांचे २०००, आणि मुलांचे १०००. तुम्ही कामासाठी सारखे बाहेर जात असाल तर ६० पानांचाच घ्या. जाता जाता, पासपोर्टच्या या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, मला हे कळलं तेव्हा फार छान वाटलं होतं.

फॉर्ममध्ये आपल्या मराठी माणसांची नेहमीची अडचण म्हणजे नाव. आपलं नाव तिहेरी, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. फॉर्ममध्ये मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो, गिव्हन नेममध्येच तुमचं आणि मधलं नाव एकत्र जातं आणि सरनेममध्ये आडनाव. ज्यांच्या जुन्या पासपोर्टवर जसं आहे तसंच नव्यावर ठेवा, उगाच मधलं नाव काढू-घालू नका, नाहीतर ते नावातला बदल म्हणून धरलं जातं आणि त्याचे कागद लागतात. आणि तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवूनच नाव टाइप करा. आधारवर, पॅनवर, बँकेत काय आहे त्याला तिथे काही अर्थ नाही. लग्न झालेल्या मुलींनी तर जास्तच लक्ष द्या, पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं असं दोनदा बघितलंय मी. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं काही नाहीये, माहेरच्या नावाचा पासपोर्ट बिनधास्त वापरता येतो, फक्त तिकीट आणि व्हिसा त्याच नावाने काढायचा. कुणाच्या पासपोर्टवर सरनेमचा रकाना कोराच असेल तर दुबईला जायच्या आधी ते दुरुस्त करून घ्या, यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा देणं बंद केलंय.

पत्त्याचं मात्र दोन भागांत समजून घ्या. नुसता प्रवास करायचाय आणि पासपोर्टवर जुन्या घराचा पत्ता आहे, तर काही बिघडत नाही, तिकडे तो कुणी बघत नाही. पण रिन्यू करताना आत्ता जिथे राहता तोच पत्ता भरायचा, कारण पोलीस तिथेच चौकशी करणार. इथे लोक फार अडकतात. आधारवर गावचा पत्ता, राहायला हिंजवडीत भाड्याने, फॉर्ममध्ये आधारचा पत्ता टाकला, पोलिसांनी गावी चौकशी केली, शेजाऱ्यांनी सांगितलं तो पुण्यात असतो, झाला रिपोर्ट खराब. भाड्याने राहत असाल तर रजिस्टर्ड भाडेकरार चालतो, नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहिलेला नाही. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचं रजिस्ट्रेशन आता ऑनलाइन होतं, घरमालकाच्या मागे लागून तेवढं आधी करून घ्या.

अपॉइंटमेंट. मे आणि डिसेंबरच्या आधी पुण्या-मुंबईत तारखा लवकर मिळत नाहीत. यावर एक उपाय बऱ्याच जणांना माहीत नसतो, २०१८ पासून भारतात कुठूनही अर्ज करता येतो, तुम्ही पुण्यात राहत असलात तरी नागपूरला किंवा पणजीला अर्ज दिलात तर चालतो, पोलीस चौकशी फॉर्ममधल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही तिथेच येतो. मोठ्या केंद्रांशिवाय कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी पोस्ट ऑफिसमधली केंद्रं पण आहेत, तिथे कधीकधी लवकर मिळते. मिळालेली तारीख जमत नसेल तर वर्षभरात तीनदा बदलता येते. फी परत मिळत नाही पण वर्षभर वाया पण जात नाही.

आम्ही पुण्यात मुंढव्याच्या केंद्रावर गेलो होतो. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचायचं, टोकन मिळतं, मग ए, बी, सी असे तीन टप्पे. ए ला कागद स्कॅन करतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. हा काउंटर नीट बघून सोडा, स्क्रीनवर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता दाखवतात, एकेक अक्षर वाचा, इथे चूक सापडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि नंतर सापडली तर परत अख्खा अर्ज. बी ला सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतात आणि सी ला अर्ज मंजूर होतो किंवा होल्डवर जातो. होल्ड म्हणजे नाकारला असं नाही, काय कमी आहे ते सांगतात, ते घेऊन परत जायचं.

कागद फार नाहीत. जुना पासपोर्ट मूळ, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या झेरॉक्स सही करून, आणि पत्त्याचा पुरावा. मुलासाठी जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, आणि अनेक्शर डी म्हणजे दोघांच्या संमतीचं पत्र, त्यावर दोघांच्याही सह्या. आमचं तिथेच अडलं होतं, नवरा बालीत आणि सही त्याची हवी, म्हणून तो आल्यावरच अर्ज केला. नवरा-बायकोपैकी एकजण बाहेरगावी कामाला असेल तर ही सही आधीच घेऊन ठेवा. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा.

इथे एक फार महत्त्वाचं. अर्ज मंजूर होताना जुन्या पासपोर्टवर कॅन्सल्डचा शिक्का मारून तो परत देतात. त्या क्षणापासून तो प्रवासाला मेला. म्हणजे पुढच्या आठवड्यात दुबईला जायचंय आणि त्याआधी जरा रिन्यूचं काम उरकून घेऊ असं चुकूनही करू नका, नवा हातात येईपर्यंत तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही. एकीच्या भावाने असंच केलं होतं, पासपोर्ट व्हॅलिड होता, नियमात बसत होता, उगाच आधी रिन्यूला गेला आणि ऑफिसची ट्रिप गेली. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल तर घाबरू नका, पासपोर्ट कॅन्सल झाला म्हणून व्हिसा कॅन्सल होत नाही, नवा आणि जुना दोन्ही बरोबर न्यायचे. फक्त काउंटरवर सांगा की या पानावर चालू व्हिसा आहे, म्हणजे त्यावर शिक्का पडणार नाही आणि पान कापलं जाणार नाही.

नव्या पासपोर्टचा नंबर नवा असतो हे पण विसरतात लोक. जुन्या नंबरवर ई-व्हिसा काढून ठेवलाय आणि मग पासपोर्ट रिन्यू केला, तर तो ई-व्हिसा उपयोगाचा राहत नाही, व्हिएतनामला जाणाऱ्या आमच्या ओळखीतल्या जोडप्याला परत पैसे भरावे लागले. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि तिकिटात भरलेला नंबर एअरलाइनच्या साइटवर जाऊन बदलायचा.

मग पोलीस व्हेरिफिकेशन. नुसती मुदत संपत आलीय, बाकी काही बदललं नाही, अशा वेळी ते लागेलच असं नाही, केंद्रावरच सांगतात. लहान मुलांचं आईवडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर बहुतेक वेळा लागत नाही, आमच्या मुलाचं लागलं नाही. लागलं तर पोलीस स्टेशनमधून फोन येतो, घरी येतात किंवा बोलावतात. अनोळखी नंबर उचलत नसाल तर ते दोन आठवडे उचला, आणि वॉचमनला, शेजाऱ्यांना सांगून ठेवा की कुणी विचारायला आलं तर आम्ही इथेच राहतो म्हणून सांगा. या चौकशीचे पैसे नसतात, कुणी मागितले तर द्यायचं कारण नाही.

स्टेटस पुढे सरकत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. ट्रॅक करताना फाइल नंबर लागतो, तो पावतीवर असतो, पावतीचा फोटो काढून ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशन पेंडिंग दिसतंय आणि पंधरा दिवस फोन नाही, तर फाइल नंबर आणि मूळ कागद घेऊन आपणच पोलीस स्टेशनला जा, पासपोर्टचं काम बघणारे तिथे असतात, विचारल्यावर निदान फाइल कुठे आहे ते तरी कळतं. पोलिसांचा रिपोर्ट गेला आणि पासपोर्ट ऑफिसकडे रिव्ह्यूत अडकलंय असं दिसत असेल तर पोलिसांकडे खेटे घालून उपयोग नाही, तेव्हा पासपोर्ट ऑफिसची एन्क्वायरी अपॉइंटमेंट साइटवरूनच घ्यायची. पुण्याचं ऑफिस बाणेरला आहे, मुंबईचं बीकेसीत. हेल्पलाइन १८००-२५८-१८००, टोल फ्री. प्रिंटेड आणि मग डिस्पॅच्ड आलं की स्पीड पोस्टचा नंबर मिळतो. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देतात, पोस्टमन ओळखपत्र बघतो, घरी कुणी नसेल आणि परत गेला तर तो पासपोर्ट ऑफिसला जातो, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत पोस्ट ऑफिसला स्वतः जाऊन विचारलेलं बरं.

सगळं सुरळीत असेल तर तीन-चार आठवडे धरून चाला, पोलीस चौकशी असेल तर त्याहून जास्त. आणि हातात तेवढे दिवस नसतील तर तत्काळ. नेहमीच्या फीवर २००० जास्त, म्हणजे मोठ्यांचे ३५०० आणि मुलांचे ३०००. मोठ्यांना ओळखीचे तीन पुरावे लागतात, आधार, पॅन, मतदार कार्ड वगैरे, तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का ते आधी बघा. पोलीस चौकशी नंतर होणार असेल किंवा लागणार नसेल तर अर्ज मंजूर झाल्याचा दिवस सोडून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पासपोर्ट रवाना करतात. पण तत्काळ म्हणजे हमी नाही, तुमची केस तत्काळमध्ये बसते का ते अधिकारी ठरवतात, आणि तत्काळची अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण. प्रवासाला तीन आठवडे असतील तर तत्काळला लगेच बसा. आठवडाच उरला असेल तर एकीकडे अपॉइंटमेंटचा प्रयत्न करा आणि दुसरीकडे आजच एअरलाइनला फोन करून तारीख पुढे ढकलायला काय लागतं ते विचारा, शेवटच्या दिवशी काउंटरवर पैसे बुडतात ते आठवडा आधी बऱ्यापैकी वाचतात. आणि सुट्टी घेतलीच आहे, मोठीच माणसं आहेत, तर नेपाळ किंवा भूतानला मतदार कार्डावर जाता येतं, पासपोर्ट लागत नाही. आमच्या मावशींनी तसंच केलं, श्रीलंका राहिलं पण काठमांडूला पशुपतिनाथाचं दर्शन झालं, खूश होत्या.

तारीख बघताना पुस्तिका पण एकदा पूर्ण उलटून बघा. फोटोच्या पानाचं लॅमिनेशन सुटलंय, पाण्याने पानं चिकटलीत, मुलाने आत पेनाने रेघोट्या मारल्यात, तर तारीख कितीही पुढची असली तरी अडवू शकतात. खराब झालेल्या किंवा हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात ३६ पानांचा नवा हवा तर मोठ्यांना ३००० लागतात, आणि हरवला असेल तर पोलिसात तक्रार आधी. कपाटात इतर कागदांच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, साधं प्लास्टिकचं कव्हर घाला, पावसाळ्यात कोकणात घर असेल तर नक्कीच.

आमच्या मुलाचा नवा पासपोर्ट जून २०२३ मध्ये आला. पोस्टमनकाकांनी पाकीट देताना त्याचं नाव मोठ्याने वाचलं, तो दारातच उड्या मारत होता. पाकीट उघडल्यावर त्याने आधी फोटो बघितला आणि मग स्वतःच खाली बोट ठेवून तारीख वाचली, जून २०२८. मी त्याच दिवशी फोनमध्ये दोन तारखा टाकल्या, जून २०२७ ला अर्ज करायला सुरुवात, डिसेंबर २०२७ ला शेवटची. बाकी चौघांच्या पण तशाच दोन-दोन तारखा एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्यातली सगळ्यात जवळची तारीख आमच्या दोघांची आहे, २०२७ चीच.